राज्यघटनेत ‘इलेक्ट्रॉनिक मीडिया’ हा शब्दच नाही, मग मला बातमी दाखवायचा हक्क आहे का?

गोदाकाठ (परभणी जिल्हा)

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो, पाच दिवस झाले नीट झोप नाही.

मी एका तालुक्याच्या गावी यूट्यूबवर बातम्यांचं चॅनल चालवतो. चार वर्षं झाली. त्याआधी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो. वावर भाऊ बघतो. मी सकाळी मोंढ्यातले सोयाबीन-कापसाचे भाव सांगतो, दुपारी जिथून बोलावणं येईल तिकडं गाडी काढतो. मोबाइल, एक स्टँड आणि एक माइक, एवढाच कारभार आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गावापासून नऊ किलोमीटरवरच्या एका वाडीत गेलो होतो. तिथं नळयोजनेची टाकी बांधून दोन वर्षं झाली. टाकीला निळा रंग दिलाय, योजनेचं नाव आहे, खर्चाचा आकडा आहे, पाणी मात्र एक दिवस आलेलं नाही. टाकीच्या बुडाला व्हॉल्व्ह आहे. त्याच्या चाकाला साखळी गुंडाळून कुलूप घातलंय आणि त्या कुलपाच्या किल्लीच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलंय. मी मोबाइल पार जवळ नेऊन ते घर दाखवलं, वर एक शब्द बोललो नाही. शेजारीच टाकीच्या सावलीला एक म्हातारी आजी प्लास्टिकच्या घागरीची चीर तापवलेल्या डांबरानं बुजवत होती. तिला विचारलं, “आजी, पाणी कुठून आणता?” तिनं हातातलं काम न थांबवता नुसतं मानेनं नदीकडं दाखवलं. एवढाच व्हिडिओ, सात मिनिटांचा. गुत्तेदाराला तीनदा फोन लावला, त्यानं उचलला नाही, तेही मी व्हिडिओत सांगितलं.

तो व्हिडिओ भरपूर फिरला. पंधरा दिवसांनी तालुक्यातल्या एका कार्यालयाचं पत्र आलं. त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहितो (आरएनआय म्हणजे वृत्तपत्रांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय): “आपले चॅनल आरएनआयकडे नोंदणीकृत नसल्याचे निदर्शनास आले असून, सबब सदर चित्रफीत जनहितार्थ २४ तासांत हटवावी व चॅनलचे प्रसारण बंद करावे, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल.”

मी भेटायला गेलो. साहेब रागावले नाहीत, उलट चहा दिला. म्हणाले, “हे बघ बाबा, पेपरला घटनेचा आधार आहे. टीव्हीवाल्यांकडं दिल्लीचं लायसन आहे. तुझ्याकडं काय आहे? राज्यघटनेत इलेक्ट्रॉनिक मीडिया हा शब्द दाखव, मी पत्र मागं घेतो.”

घरी येऊन राज्यघटनेचं मराठी पुस्तक काढलं. जयंतीला वाटलेलं, कपाटातच होतं. मूलभूत हक्कांचा सगळा भाग दोनदा वाचला. तो शब्द खरंच नाही. तेव्हापासून मनाला लागलंय. आपण चार वर्षं जे केलं ते हक्कानं केलं, का कुणी अडवलं नाही म्हणून चाललं?

म्हणून विचारायलोय. आरएनआय नसेल तर चॅनल बेकायदा आहे का? तालुक्याच्या अधिकाऱ्याला व्हिडिओ काढून टाकायला लावायचा अधिकार आहे का? व्हिडिओ अजून काढलेला नाही. बायको म्हणायलीय काढून टाका, घरात दोन लेकरं आहेत.

मोंढा नाका (नांदेड)

दादा, घाबरू नका. आमच्याकडं बऱ्याच जणांनी उद्यम नोंदणी करून घेतली आणि दिल्लीच्या एका संघटनेचं प्रेस कार्ड काढलं. अडीच-तीन हजारात होतं, गाडीला लावायला स्टिकरपण देतात. कार्ड गळ्यात असलं की कुणी विचारत नाही. त्यांचा नंबर मिळवून देऊ का?

केबलवाले मामा (लातूर)

मोंढा नाका, राग मानू नका, पण त्या कार्डाच्या नादाला या पोराला लावू नका. उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची नोंद. पिठाच्या गिरणीला जी मिळते तीच. त्यानं कुणी पत्रकार ठरत नाही आणि ती नसली म्हणून कुणाची पत्रकारिता बेकायदा होत नाही.

आता माझं सांगतो. मी केबल टाकली तेव्हा देशात केबलचा कायदाच नव्हता. डिश, ॲम्प्लिफायर आणि गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कित्येक दिवस लोक माझ्या दुकानासमोर उभे राहून बातम्या बघायचे. कुणाचे नातेवाईक सास्तूरला, कुणाचे किल्लारीत. रस्ताभर माणसं आणि आवाज फक्त टीव्हीचा. या वायरीतून काय जातं याचं वजन मला त्या दिवसांत कळलं.

१९९४ च्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि १९९५ ला केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. मग हेड पोस्ट ऑफिसात जाऊन नोंदणी करायची, पाचशे रुपये भरायचे, दरवर्षी नूतनीकरण. केबलची नोंदणी टपाल खात्यात का, असं तेव्हा लोक विचारायचे. तार, टपाल, बिनतारी हे सगळं पहिल्यापासून केंद्राच्या हातात, म्हणून.

आमचं स्थानिक बातम्यांचं चॅनल होतं, रोज संध्याकाळी अर्धा तास. एकदा गावात मिरवणुकीवरून वातावरण तापलं आणि आम्ही दाखवलेल्या एका दृश्यावरून ते आणखी पेटेल अशी भीती होती. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा आदेश आला. त्यावर कलम १९ लिहिलेलं होतं, त्या कायद्यातलं. कोणता कार्यक्रम, का थांबवायचा, सगळं दोन परिच्छेदांत, खाली सही, शिक्का, जावक क्रमांक, तारीख. मी त्याच रात्री प्रसारण थांबवलं. आजही वाटतं, तो आदेश बरोबर होता. ज्या दृश्यावरून आदेश आला ते मी स्वतः पुन्हा बघितलं आणि दाखवायला नको होतं असं मला वाटलं.

पुढं एकदा दुसऱ्या एका कार्यालयाची माणसं आली आणि तोंडी सांगून ॲम्प्लिफायर उचलून घेऊन गेली. कागद नाही, पंचनामा नाही. तो परत आणायला मला सात महिने लागले आणि तोवर दोन गल्ल्यांतली गिऱ्हाइकं तुटली. म्हणून सांगतो, पहिल्यांदा पत्रावर कलम कोणतं लिहिलंय ते बघ. तुझ्या पत्रात मला एकही कलम दिसत नाही.

सेट टॉप बॉक्स आले तसं आमचं स्थानिक चॅनल बंदच पडलं. तुम्ही मोबाइलवर जे करताय ते आम्ही वायरीवर करायचो. व्हिडिओ काढू नको, निदान कुणा वकिलाला दाखवल्याशिवाय तरी नको.

पानचक्की (छत्रपती संभाजीनगर)

मी खंडपीठात वकिली करते. गोदाकाठ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सुनावणीची वाट बघत बसले होते तेव्हाही तोच डोक्यात होता. जरा लांब लिहिते.

साहेबांनी तुम्हाला चुकीचा शब्द शोधायला लावला. मूलभूत हक्कांच्या भागात ‘इलेक्ट्रॉनिक मीडिया’ नाही हे खरं, पण तिथं ‘वृत्तपत्र स्वातंत्र्य’ असाही शब्द नाही. कलम १९(१)(क) मध्ये एवढंच आहे की सर्व नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य असेल. वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख करावा अशी मागणी संविधान सभेत झाली होती. बाबासाहेबांचं उत्तर असं होतं की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा वेगळे खास हक्क नाहीत, संपादक हा नागरिकच असतो आणि लिहिताना तो आपलाच हक्क वापरत असतो, म्हणून वेगळ्या तरतुदीची गरज नाही. म्हणजे पेपरला जो आधार आहे तोच तुम्हाला आहे, तुम्ही नागरिक आहात म्हणून. हक्क माणसाचा आहे. तो कागदावर बजावला, वायरीवर बजावला की मोबाइलवर, त्यानं हक्क बदलत नाही. माध्यमाप्रमाणे बदलतात ते नियम.

आणि शब्दच हवा असेल तर पुस्तकाच्या शेवटाकडे जा. सातव्या अनुसूचीतल्या संघ सूचीत नोंद ३१ बघा: डाक, तार, दूरध्वनी, बिनतारी, प्रसारण. ‘प्रसारण’ तिथं स्पष्ट लिहिलंय. वृत्तपत्रं आहेत समवर्ती सूचीत, नोंद ३९ मध्ये. याचा अर्थ प्रसारणावर कायदा करायचा तर तो संसदेनं. आणखी एक जागा आहे, कलम ३६१-क, ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७८ मध्ये आलेलं. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कामकाजाचं खरंखुरं वृत्त छापलं तर कोर्टात खेचता येत नाही, दुष्ट हेतू सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. तेच संरक्षण बिनतारी प्रसारणालाही आहे, असं त्याच कलमात लिहिलंय. (ग्रामसभेला आणि जिल्हा परिषदेला ते लागू नाही, हे तुमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावं.) साहेबांना ही दोन पानं दाखवा.

आता निर्बंधांकडे येऊ. कलम १९(२) मध्ये त्यांची कारणं मोजून दिलेली आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. या यादीबाहेर आणखी कारण जोडता येत नाही, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी कौशल किशोर खटल्यात पुन्हा सांगितलं. तुमच्या पत्रातलं ‘जनहितार्थ’ या यादीत कुठं आहे? नाहीच. आणि याचा निवाडा आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात झालेला आहे. पुण्याच्या ‘सकाळ’नं दाद मागितली होती. किती पानांचा पेपर किती किमतीला विकायचा हे सरकार ठरवू लागलं होतं. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. व्यवसायावर सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी बंधन घालता येतं, पण ते कारण पुढं करून अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडं दडपणाचं प्रत्येक पत्र जनहिताचंच नाव घेऊन येतं.

ही झाली छापील माध्यमाची गोष्ट. इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा मोठा निकाल क्रिकेटमुळे आला. १९९३ ला बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हिरो कपच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. सरकार १८८५ चा तार कायदा घेऊन आडवं आलं, प्रक्षेपणाचा मक्ता आमचा म्हणून. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. मात्र लहरी मोजक्या आहेत, म्हणून त्यांच्या वाटपावर सार्वजनिक संस्थेचं नियंत्रण हवं. माहिती देणं आणि मिळवणं हा अभिव्यक्तीचाच भाग आहे आणि निर्बंध आलेच तर १९(२) मधूनच येतील. वाडीतल्या आजीला आपल्या टाकीचं काय झालं हे कळणं, हाही त्याच हक्काचा भाग आहे.

टीव्ही आणि रेडिओला परवाना का लागतो, ते इथं कळतं. लहरी थोड्या, मागणारे जास्त. खासगी एफएमला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. हे मला पटत नाही, पण नियम तसा आहे. इंटरनेटला ही लहरींची अडचण नाही, म्हणून यूट्यूबवर बोलण्याआधी परवाना घ्या असा कायदा आज नाही.

आरएनआयचं तर अगदी सोपं आहे. ती नोंदणी छापील नियतकालिकांची. १८६७ चा जुना कायदा गेला आणि १ मार्च २०२४ पासून नवा प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा लागू झाला. त्यात यूट्यूब चॅनलची नोंदणी होतच नाही. जी नोंदणी तुम्हाला करताच येत नाही ती केली नाही म्हणून कारवाई कशी होईल? प्रेस कौन्सिलचंही तसंच, १९७८ च्या कायद्यानं तिचा अधिकार छापील माध्यमापुरता आहे.

मामांनी सांगितलेलं केबल कायद्याचं कलम १९ खरं आहे. जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, पोलिस आयुक्त यांना त्यात अधिकार आहे, पण केबल चालकाविरुद्ध आणि केबलवरच्या कार्यक्रमापुरता. मला वाटतं तुमच्या साहेबांच्या मनात तोच जुना कायदा घोळतोय. यूट्यूब त्यात बसत नाही.

यूट्यूबवरचा मजकूर हटवायचे रस्ते वेगळे आहेत. एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. तो अधिकार केंद्राचा, कारण लेखी हवं, समिती असते, आणि मजकूर टाकणारा माणूस सापडत असेल तर त्याचंही ऐकायचं असतं. २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात हे कलम टिकलं ते या संरक्षणांमुळेच. त्याच निकालात ६६-अ रद्द झालं. त्या खटल्याच्या मुळाशी पालघरच्या दोन मुली होत्या, २०१२ ला मुंबईच्या बंदवर एकीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं ते लाइक केलं म्हणून अटक झालेल्या. दुसरा रस्ता न्यायालयाचा आदेश. तिसरा, सरकारनं थेट यूट्यूबला कळवायचं. ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्तीनंतर असं कळवणारा अधिकारी संयुक्त सचिव किंवा त्याच्या बरोबरीच्या दर्जाखालचा नसावा, पोलिसांत असेल तर खास नेमलेला उपमहानिरीक्षक असावा. तालुक्याचं कार्यालय यापैकी कशात येतं, तुम्हीच बघा.

शेवटचं म्हणजे नुसत्या पत्रानं हक्क काढून घेता येत नाही. निर्बंध कायद्यानं घालावा लागतो. १९८५ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं होतं, खात्याच्या परिपत्रकाच्या आधारानं. ती मुलं उभी राहायची, फक्त गायची नाहीत. बिजो इमॅन्युएल खटला. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं मुलांना परत घ्यायला लावलं. तुमच्या पत्राला तर परिपत्रकाचाही आधार दिसत नाही.

व्हिडिओ काढू नका. पत्राचा फोटो नावं झाकून टाकता का? जावक क्रमांक आहे का बघायचा आहे.

गोदाकाठ

ताई, तुमचं उत्तर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. पुस्तकातली नोंद ३१ काढली, ‘प्रसारण’ शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो.

जावक क्रमांकाची जागा कोरी आहे. तारीख आहे, सही आहे, नावाचा शिक्का नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक जण म्हणाला, २०२१ चे डिजिटल मीडियाचे नियम आहेत, त्यात तू अडकशील. दुसरं म्हणजे गुत्तेदार निरोप पाठवायलाय, बदनामीची केस टाकतो म्हणून.

बिंदुसरा (बीड)

मधेच विचारतो, माफ करा. २०२३ ला आंदोलनाच्या वेळी आमच्याकडं इंटरनेटच बंद होतं. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे, पोरं दारात उभी होती. तेव्हा हा हक्क कुठं गेला होता?

पानचक्की

बिंदुसरा, तुमचा प्रश्न याच विषयातला आहे. १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं, दोन्हीला घटनेचं संरक्षण आहे. बंदी घालता येते, पण ती बेमुदत नको, गरजेपेक्षा जास्त नको, आणि आदेश प्रसिद्ध करायलाच हवा, म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याला कोर्टात जाता येईल. पुन्हा तशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी त्या आदेशाची प्रत मागा.

गोदाकाठ, २०२१ चे नियम खरे आहेत आणि ते झटकून टाकू नका. २५ फेब्रुवारी २०२१ ला आले. धंदा किंवा व्यवसाय म्हणून नियमित बातम्या देणारा त्यात ‘प्रकाशक’ ठरू शकतो. सहज कधीतरी व्हिडिओ टाकणारा माणूस त्यातून वगळलेला आहे, पण तुम्ही चार वर्षं रोज बातम्या देताय. त्यामुळे नियम १८ प्रमाणे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला तुमची माहिती कळवून टाका. ही परवानगी नाही, नुसतं कळवणं आहे. तक्रार कुणाकडं करायची त्याचं नाव आणि ईमेल चॅनलवर लिहा. तुमचंच लिहिलं तरी चालेल.

आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि तिच्यासाठीची त्रिस्तरीय यंत्रणा, म्हणजे नियम ९ चे पोटनियम १ आणि ३, यांना मुंबई उच्च न्यायालयानं १४ ऑगस्ट २०२१ लाच स्थगिती दिली. निखिल वागळे त्यातले एक याचिकाकर्ते होते. पुढं ही सगळी प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयाकडं वर्ग झाली. नियम १६ मात्र ध्यानात ठेवा. तातडीच्या वेळी मंत्रालय त्याखाली मजकूर रोखू शकतं. डिसेंबर २०२१ मध्ये एकदम २० यूट्यूब चॅनल रोखले गेले होते. तो अधिकारही दिल्लीचाच. आणि सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी हे सरकारचाच कक्ष ठरवेल, अशी जी दुरुस्ती २०२३ ला आली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. दोन न्यायमूर्तींचं मत दोन बाजूंना पडलं होतं, तिसरे न्यायमूर्ती चांदुरकर यांनी निवाडा दिला. हा निकाल मी जपून ठेवलाय.

बदनामीचं गंभीरपणे घ्या, ते १९(२) मध्ये आहे. सरकारी कार्यालय बदनामीची भरपाई मागू शकत नाही. १९९४ च्या राजगोपाल निकालात ते स्पष्ट आहे. अधिकाऱ्याच्या सरकारी कामावर टीका केली असेल, तर ती खोटी आहे आणि खरंखोटं न तपासता बेफिकिरीनं केली, हे त्याला दाखवावं लागतं. पण गुत्तेदार खासगी माणूस आहे. त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली जाता येतं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खरं आणि लोकांच्या भल्याचं असेल तर तो अपवाद आहे. म्हणून तुमचा व्हिडिओ मी आज तीनदा बघितला. टाकी, कुलूप, आजी, न उचललेला फोन, सगळं जागच्या जागी आहे. फक्त सहाव्या मिनिटाला तुम्ही म्हणता, “पैसे खाल्ले.” हे तुम्हाला कुठून कळलं? कागद आहे का? नसेल तर तेवढं वाक्य काढा. चॅनलवर लिहून सांगा की ते काढलं आणि का काढलं. बाकीच्या व्हिडिओला हात लावू नका. दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अधिकार टाका: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयकं, काम पूर्ण झाल्याचा दाखला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग तेच वाक्य कागद हातात धरून पुन्हा म्हणा.

पत्राला उत्तर द्या, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह. एवढंच विचारा: कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकारानं? त्याखाली संघ सूची नोंद ३१ आणि कलम १९(२). मसुदा पाठवते, फी नको. त्यानंतरही कुणी हात लावला तर कलम २२६ खाली याचिका करू, खंडपीठ त्यासाठीच आहे.

आणि मूळ चित्रीकरण जपा. एडिट केलेलं नाही, मोबाइलमधून किंवा कार्डातून निघालेलं, जसंच्या तसं. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते आपण करू, पण मूळ फाइल हवीच.

गोदाकाठ

ते वाक्य आज काढलं. माझ्याकडं कागद नव्हता, गावात ऐकलं होतं आणि बोलून गेलो. चूक माझीच. व्हिडिओखाली लिहिलं, “सहाव्या मिनिटातील एक वाक्य पुराव्याअभावी काढले आहे.” माहितीचा अर्ज टाकला, पोच घेतली.

पत्राचं उत्तर दुपारी पोस्टात दिलं. खिडकीवरच्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचून माझ्याकडं एकदा बघितलं आणि पावती दिली. ती घटनेच्या पुस्तकात ठेवलीय, नोंद ३१ च्या पानाला.

मूळ चित्रीकरणाचं एक कार्ड मी नेहमीप्रमाणे पुसून दुसऱ्या बातमीला वापरलं होतं, जीव खाली-वर झाला. पण त्या दिवशी भाचा सोबत होता, दुसऱ्या मोबाइलवर तोही घेत होता. ते कार्ड पाथरीला बहिणीच्या घरी आहे. तिला सांगितलंय, टीव्हीखालच्या ड्रॉवरमधून कुणाला काढू देऊ नको. सकाळच्या गाडीनं जाऊन घेऊन येतो.